गेटला मोटार बसवायची आहे? आधी जागा तयार करा

गेटची मोटार बसवायला एक दिवस पुरतो. तिच्यासाठी जागा तयार करायला मात्र आठ-दहा दिवस लागतात, आणि सगळी घाई नेमकी इथेच होते. मी हेच फिटिंगचं काम करतो. फोन येतो तो "मोटार गेली" असा. जाऊन पाहावं तर मोटार ठणठणीत, आणि बिजागरी झिजून खचलेली, रुळाचा जोड उचललेला किंवा पाइपात पाणी भरलेलं. म्हणून हा लेख मोटारीबद्दल कमी आणि फॅब्रिकेटर, गवंडी आणि वायरमन यांनी आधी काय करून ठेवायचं याबद्दल जास्त आहे. यातलं बरंच तुम्ही स्वतः तपासू शकता. निदान काम चालू असताना शेजारी उभं राहून काय विचारायचं, ते तरी कळेल.

आधी गेट हाताने चालवा

जे गेट हाताला जड, ते मोटारीलाही जडच. फरक इतकाच की हात कुरकुरतो आणि मोटार गुपचूप तापते.

कडी काढा आणि एका हाताने गेट अगदी हळू सरकवा. पाव, अर्धं, पाऊण अशा ठिकाणी थांबवून हात सोडा. चांगलं गेट जिथल्या तिथे उभं राहतं. सोडल्यावर आपोआप चालू लागलं, तर झडपेच्या, म्हणजे दारासारखं बिजागरीवर फिरणाऱ्या, गेटात खांब ओळंब्यात नाही किंवा बिजागऱ्या एका रेषेत नाहीत. सरकत्या गेटात रुळाला उतार आहे.

मग सामान तोलायचा हुकाचा काटा घ्या, गेटच्या मुठीला अडकवा आणि सावकाश ओढत आकडा पाहत जा. साधारण ४०० किलोचं सरकतं गेट चांगल्या बेअरिंगच्या चाकांवर असेल तर १०-१५ किलोच्या ओढीत चालतं, हा माझा अनुभव. ३० च्या पुढे काटा जात असेल तर मोटारीचा विषयच काढू नका, आधी चाकं आणि रूळ पाहा. झडपेच्या गेटात काटा मोकळ्या टोकाला लावा. तिथे चार-पाच किलोच्या आत झडप हलली पाहिजे.

ओढताना काटा जिथे जिथे उडी मारतो, तिथे जमिनीवर खडूने खूण करा. दोन-तीन फेऱ्यांनंतर खुणा एकाच ठिकाणी गोळा झालेल्या दिसतात. तिथे वाकून बोट फिरवलंत तर रुळाच्या दोन तुकड्यांचा जोड हाताला लागतो, एक बाजू वर, एक खाली, मध्ये वेल्डचा गोळा. ग्राइंडरने पाच मिनिटांत जाणारी गोष्ट. पण ती तशीच राहिली तर दिवसातून वीस वेळा मोटार तिथे धक्का खाते. "इथे अडथळा आहे" असं समजून गेट मध्येच उलटं फिरतं, ते बहुतेकदा अशाच जागी.

उताराचा हिशोब सोपा आहे. ३ मीटरमध्ये ३ सेंटिमीटर उतार म्हणजे शंभराला एक. ४०० किलोच्या गेटला त्यामुळे ४ किलोची जादा ओढ लागते, आणि ती सतत उताराच्याच दिशेला असते. मोटारीला ती जड नाही. पण उतार याहून जास्त असेल, तर लाइट गेल्यावर किल्लीने मोटार गेटपासून सोडवलीत की गेट स्वतःच्या मनाने निघू शकतं. रूळ पाणसळीत नसेल तर तो आधी उचलून बसवावा. उताराच्या जागी मोटार गेट "धरून ठेवेल" हा भरवसा चुकीचा.

झडपेच्या गेटात आणखी एक परीक्षा आहे. मोकळं टोक दोन्ही हातांनी वर उचलून पाहा. खटखट आवाज आला किंवा टोक बोटभर उचललं गेलं, तर बिजागरीची पिन झिजली आहे. ती बदलाच, आणि बदलताना बेअरिंगची घ्या. उघडताना झडप आपोआप वर चढते अशा उतरत्या कापाच्या बिजागऱ्या चढाच्या जागी लावलेल्या दिसतात. मोटारीसोबत त्या नकोत. त्यात मोटारीला गेट ढकलायचंही असतं आणि उचलायचंही, आणि बंद होताना ते वजन उलट मोटारीवर येतं. चढ असेल तर झडपेची खालची कड उंच घ्या किंवा सरकत्या गेटाचा विचार करा.

वजन आणि वारा

दुकानदार पहिला प्रश्न वजनाचा विचारतो आणि बहुतेक जण अंदाजाने काहीतरी सांगून मोकळे होतात. १.२ मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा चौरस मीटरला सुमारे ९.४ किलो भरतो. म्हणजे ३ मीटर लांब, २ मीटर उंच झडपेचा नुसता पत्राच ५६ किलो. पाइप-अँगलची मीटरमागे वजनं फॅब्रिकेटरकडे असतात. बेरीज करा, वर नक्षीकाम आणि कुलपाचं धरा, आणि मोटार निवडताना कंपनीने लिहिलेल्या कमाल वजनाच्या काठावर जाऊ नका.

वाऱ्याचा प्रश्न मात्र कुणीच विचारत नाही, आणि झडपेच्या गेटात खरा शत्रू तोच. ताशी ५४ किलोमीटर वेगाचा वारा चौरस मीटरला सुमारे १४ किलोचा दाब देतो. वरच्याच ६ चौरस मीटरच्या बंद पत्र्याच्या झडपेवर हा दाब ८४ किलोच्या आसपास होतो, आणि तो झडपेच्या मध्यावर, बिजागरीपासून दीड मीटरवर, लागतो. मोटारीचा दांडा मात्र बिजागरीपासून ८० सेंटिमीटरवर जोडलेला. तरफेच्या हिशोबाने दांड्यावर येतात १५० किलोंहून जास्त. उपाय साधा आहे. पत्र्यात जाळी किंवा उभ्या पट्ट्यांच्या फटी ठेवा, अर्धा तरी वारा आरपार जाऊ द्या. आड हवाच असेल तर एक पायरी वरची मोटार घ्या, आणि बंद झडपेला खाली इलेक्ट्रिक लॉक द्या.

सरकतं गेट असेल तर

गेटची लांबी आत शिरायच्या वाटेच्या रुंदीइतकीच नको. निदान ४०-५० सेंटिमीटर शेपूट जास्त हवं. नाहीतर गेट पूर्ण बंद होताना रॅक (गेटला लावलेली दातेरी पट्टी) मोटारीच्या पिनियनवरून (दातेरी चाकावरून) सुटते किंवा गेटला उभं धरणाऱ्या वरच्या गाइडमधून गेट बाहेर येतं. मागे सरकायला भिंतीच्या कडेने गेटच्या पूर्ण लांबीइतकी आणि वर हातभर मोकळी जागा पाहिजे. तिथे कुंड्या, नळाची तोटी, पाण्याचा मीटर, गटाराचं झाकण यातलं काही असेल तर आत्ताच हलवा. मोटार बसल्यावर हलवायला निघालात की त्याच जागी केबल सापडते.

खालच्या बाजूने रॅक लावायला गेटवर सलग, सरळ पृष्ठभाग लागतो. नक्षीचे गोळे, बाहेर आलेले वेल्ड, मध्ये तुटलेली पट्टी असं असेल तर पूर्ण लांबीभर एक चौकोनी पाइप किंवा अँगल वेल्ड करून घ्या. दोरी ताणून पाहा. पूर्ण लांबीत ५ मिलिमीटरपेक्षा जास्त बाक नको, कारण पिनियन आणि रॅक यांच्यात ठेवायची फट अवघी १ ते २ मिलिमीटरची असते. गेट चाकांवर बसलं पाहिजे, पिनियनवर नव्हे. चाकं झिजून गेट खाली आलं की सगळं वजन पिनियनवर येतं आणि मोटारीचा शाफ्ट वाकतो. चाकं बदलायची असतील तर रॅक लागण्याआधी बदला.

आता स्टॉपर. यावर थोडा वेळ घालवतो, कारण यात माणूस दगावतो. मोटारीला शेवटी थांबायची खूण कळते ती एका छोट्या स्विचने किंवा चुंबकाने. ती कधी ना कधी फसते. फसली की काही शे किलोचं गेट रुळाच्या टोकावरून, गाइडमधून बाहेर जाऊन आडवं पडतं. म्हणून दोन्ही टोकांना मोटारीशी काहीही संबंध नसलेला, काँक्रीटमध्ये रोवलेला, गेट पूर्ण जोराने आदळलं तरी न वाकणारा लोखंडी स्टॉपर हवाच. रुळावर वेल्डच्या एक-दोन ठिपक्यांनी चिकटवलेला लोखंडाचा तुकडा म्हणजे स्टॉपर नव्हे. वर गाइड रोलर दोन जोड्या द्या, आणि गेट उचलून बाहेर काढता येणार नाही असे ठेवा. तपासायला सोपं आहे. मोटार लागायच्या आधी गेट जोरात लोटून दोन्ही टोकांना आदळवून पाहा. ऐकताना जीव खालीवर होतो, पण आत्ताच झालेलं बरं.

झडपेचं गेट असेल तर

इथे खांब महत्त्वाचा. मोटार झडप ढकलते तेव्हा तितक्याच जोराने खांबाला मागे ढकलते. आरसीसी खांब असेल तर केमिकल अँकरने (भोकात रसायन भरून पक्क्या केलेल्या बोल्टने) प्लेट बसते, मात्र खांबाच्या कडेपासून निदान १० सेंटिमीटर आत. विटांचा खांब असेल तर नुसत्या फास्टनरवर विसंबू नका, विटा हळूहळू सुटतात. मागून पुढे आरपार बोल्ट घालून दोन्हीकडे प्लेट द्या, किंवा खांबाला लागून जमिनीत रोवलेला स्वतंत्र लोखंडी चॅनल उभा करा.

झडपेच्या बाजूला मोटारीचा ब्रॅकेट नुसत्या पत्र्यावर येता कामा नये. त्या उंचीवर, म्हणजे बहुतेक वेळा जमिनीपासून ४० ते ८० सेंटिमीटरच्या पट्ट्यात, पूर्ण रुंदीभर आडवा पाइप हवा. नसेल तर वेल्ड करून घ्या, मोटारीची उंची फॅब्रिकेटरला आधी सांगून.

आत उघडणाऱ्या झडपेला लांब दांड्याची मोटार लावणार असाल तर दोन मापं घ्या. बिजागरीच्या पिनच्या मध्यापासून खांबावरच्या ब्रॅकेटच्या पिनपर्यंत, एक गेटच्या रेषेत आणि दुसरं त्या रेषेला काटकोनात आतल्या बाजूला. माहितीपत्रकात यांना ए आणि बी म्हटलेलं असतं. ९० अंश उघडायचं असेल तर दोहोंची बेरीज साधारण दांड्याच्या स्ट्रोकइतकी (दांडा जेवढा आत-बाहेर सरकतो तेवढी) किंवा त्याहून कमी असावी, आणि दोन्ही मापं शक्यतो एकमेकांच्या जवळ असावीत. बिजागरी जाड खांबाच्या बाहेरच्या कोपऱ्यावर असेल तर बी फारच मोठं होतं आणि दांडा पुरत नाही. मग तीन वाटा उरतात: बिजागरी आतल्या कडेला आणा, खांबात कोनाडा काढून ब्रॅकेट आत घाला, किंवा कोपरासारखा मोडणारा हात असलेली मोटार घ्या. कोनाडा खांब बांधतानाच ठेवला तर फुकट, नंतर छिन्नीने काढला तर खांबाचा जीव जातो.

उघडलेली झडप भिंतीला टेकते का तेही पाहा. दांडा आणि भिंत यांच्यात किमान वीतभर जागा राहिली नाही तर दांडा भिंतीला घासतो. जमिनीतली मोटार घेणार असाल तर तिच्या खड्ड्याच्या तळाला निचऱ्याचा पाइप हवा. बादलीभर पाणी ओतून ते पाच मिनिटांत जातं का बघा, नाही गेलं तर जमिनीवरचीच मोटार घ्या.

झडप उघडल्यावर आणि बंद झाल्यावर थांबायला इथेही जमिनीत रोवलेले स्टॉपर लागतात. दोन्ही झडपा मध्ये नुसत्या एकमेकींना टेकून थांबत असतील, तर मध्यभागी एक स्टॉपर नवा रोवा.

चर आणि पाइप

हा भाग सगळ्यात कमी खर्चाचा आणि सगळ्यात जास्त चुकणारा. आधी कागदावर गेट काढा आणि कुठून कुठे तार जाणार ते रेघांनी दाखवा. घरातल्या डीबीपासून (विजेच्या मुख्य स्विचांच्या पेटीपासून) मोटारीपर्यंत मेन लाइन. मोटारीपासून दोन्ही खांबांपर्यंत सेन्सरची तार. बाहेरच्या खांबाला बेल किंवा की-पॅड. वर फिरणारा दिवा. आणि सगळे जण विसरतात तो रस्ता ओलांडून पलीकडच्या खांबापर्यंत जाणारा पाइप. ड्राइव्ह-वेवर फरशी बसल्यानंतर तो आठवला तर फरशी फोडण्यावाचून इलाज नसतो.

मेन लाइनचा पाइप वेगळा आणि सेन्सर, बटण, बेलच्या बारीक तारांचा पाइप वेगळा. दोन्ही एकाच पाइपात घातल्या तर बारीक तारांत मेनच्या करंटची गुणगुण शिरते आणि गेट कारण नसताना उघडतं. मेनला २५ मिलिमीटरचा, बारीक तारांना ३२ चा पाइप पुरतो. पाच वर्षांनी कॅमेरा लावायची इच्छा होणारच, तेव्हा एक रिकामा पाइप जास्तीचा टाका. खोली ४५ सेंटिमीटर, जिथून गाड्या जातात तिथे ६०. चराच्या तळाला वाळू, वर पाइप, पुन्हा वाळू, मग लाल-पिवळी इशाऱ्याची पट्टी आणि शेवटी माती. वळणाला कडक एल्बो नको, लांब बेंड वापरा, आणि दोन बेंडपेक्षा जास्त झाले तर मध्ये एक तार ओढायची पेटी ठेवा. प्रत्येक पाइपातून तार ओढायला नायलॉनची दोरी आत्ताच घाला आणि दोन्ही टोकांना खिळ्याला गाठ मारून ठेवा.

पाइपाची टोकं टेपने बंद करा. एकदा एका ठिकाणी मी कंट्रोल बॉक्स (मोटार चालवणाऱ्या सर्किट बोर्डाची पेटी) उघडला तर सर्किटच्या मधोमध मुंग्यांचं वारूळच होतं. पांढरी अंडी रिलेच्या मागच्या बाजूला नीट रचलेली, आणि वर एक मेलेली पाल दोन टर्मिनलांवर आडवी. सगळी फौज पाइपातून वर आली होती, कारण त्याचं तोंड कुणी बुजवलंच नव्हतं. तेव्हापासून तारा घातल्यावर टोक फोमने बुजवल्याशिवाय मी निघत नाही.

तारेची जाडी अंतरावर ठरते, आणि २४ व्होल्टच्या मोटारीत हे फार जाणवतं. १.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे १२ ओहम. कंट्रोल बॉक्स मोटारीपासून ३० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ६० मीटर, म्हणजे पाऊण ओहमच्या आसपास. मोटार ५ अँपिअर ओढते तेव्हा वाटेतच साडेतीन व्होल्टहून जास्त गळतात. २४ चे २० झाले की गेट रेंगाळतं. ४ चौरस मिलिमीटरच्या तारेत हीच गळती दीड व्होल्टच्या आत येते. त्याहून बरा मार्ग म्हणजे कंट्रोल बॉक्स मोटारीजवळच ठेवणे आणि लांबून फक्त मेन लाइन आणणे.

करंट आणि अर्थिंग

गेटसाठी डीबीत स्वतंत्र एमसीबी (जादा करंट आला की पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंटची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) हवी. बगिच्याचे दिवे आणि गेट एकाच लाइनवर ठेवलेत तर पहिल्याच पावसात दिव्यातलं पाणी गेटला बंद पाडतं. मोटारीजवळ हाताला येईल असा आयसोलेटर (लाइन पूर्ण तोडणारा स्विच) द्या. लोखंडी गेट उघड्यावर असतं आणि त्याला सगळे हात लावतात, त्यामुळे मोटारीचं अर्थिंग घरच्या मुख्य अर्थिंगला जोडलेलं आहे याची खात्री मीटरने करून घ्या. लाइनवर सर्ज प्रोटेक्टर लावा. जवळ पडलेल्या विजेने जळालेली बोर्डं मी वर्षाकाठी बदलतो. डीबीचं काम परवानाधारक वायरमनकडूनच.

मोटारीचा चौथरा

सरकत्या गेटच्या मोटारीला काँक्रीटचा चौथरा लागतो. मोटारीच्या पेटीत कागदी नकाशा येतो, तो हाताशी असल्याशिवाय खणू नका. गेटपासून अंतर तोच सांगतो. साधारण ४५ × ३५ सेंटिमीटर आणि ४० खोल हे किमान. भुसभुशीत किंवा काळी माती असेल तर कडक थर लागेपर्यंत खोल जा.

उंची ठरवताना आजची जमीन पाहू नका, शेवटची पाहा. पेव्हर ब्लॉक बसले की जमीन ८-१० सेंटिमीटर वर येते. चौथरा त्याहूनही ५ सेंटिमीटर वर राहिला पाहिजे, म्हणजे मोटारीखाली पाणी साचणार नाही.

पाइपांची तोंडं मोटारीच्या तळातल्या भोकाच्या बरोबर खाली यायला हवीत. हे टेम्प्लेट ठेवूनच करा. सुरुवातीला एका कामात गवंड्याच्या भरवशावर मी चहाला गेलो, परत आलो तर पाइप चौथऱ्याच्या बाहेरच्या कडेला निघाला होता आणि काँक्रीट ओलं होतं. फावड्याने ते उकरून काढलं, गवंडी दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

बोल्टच्या आट्यांवर टेप गुंडाळा, वर प्लेट ठेवा, पाणसळ दोन्ही दिशांनी लावा, आणि प्लेटच्या दोन्ही टोकांपासून गेटपर्यंतचं अंतर मोजा. ते सारखं आलं तरच ओता. मिश्रण सिमेंट, वाळू, खडी १:१.५:३ चं. दगड टाकून खड्डा भरायची सवय मोडा. सात दिवस गोणपाट ओलं ठेवा; त्यानंतर मोटार बसवायला हरकत नाही. दुसऱ्या दिवशी बोल्ट आवळले की ते सैल होऊन फिरायला लागतात, आणि मग काहीच करता येत नाही.

वेल्डिंगचं सगळं काम बोर्ड जोडण्याआधी उरका. नंतर करावंच लागलं तर बोर्डाच्या सगळ्या तारा काढून ठेवा आणि वेल्डिंगची अर्थ क्लिप वेल्डच्या शेजारीच लावा.

सेन्सर आणि माणसं

फोटोसेलची, म्हणजे मध्ये कोणी आलं की गेट थांबवणाऱ्या अदृश्य किरणाच्या सेन्सरची, जोडी जमिनीपासून ५० सेंटिमीटरच्या आसपास, एकमेकांसमोर. त्याहून उंच लावली तर रांगणारं मूल आणि कुत्रं तिला दिसत नाही. ज्या खांबावर सकाळ-संध्याकाळचं कलतं ऊन थेट पडतं, तिथे रिसीव्हर (किरण घेणारा) नको, ट्रान्समिटर (किरण सोडणारा) लावा. झडपेच्या गेटला आतल्या बाजूलाही दुसरी जोडी हवी. तिच्यासाठी भिंत नसेल तर दोन छोटे खांब आत्ताच रोवा.

बोटं अडकायच्या जागा पाहा. सरकत्या गेटच्या उभ्या सळ्या खांबाजवळून जातात तिथे हात कात्रीत सापडल्यासारखा होतो, तिथे बारीक जाळी मारा. युरोपच्या ईएन १२४५३ मानकात ५० ते ५०० मिलिमीटरच्या फटीत गेटचा धक्का ४०० न्यूटनच्या, म्हणजे सुमारे ४० किलोच्या, आत ठेवायला सांगितलं आहे. हा जोर बोर्डात कमी-जास्त करता येतो, पण गेट मुळातच जड चालत असेल तर तो कमी करायला वाव उरत नाही.

गेटात छोटं दार असेल तर त्यावर स्विच लावायची तार ठेवा, म्हणजे ते उघडं असताना मोटार चालणार नाही. घरात शिरायला दुसरं दारच नसेल तर मोटार सोडवायची किल्ली बाहेरून वापरता येईल अशी सोय आधीच ठरवा. लाइट नेमकी घरात कोणी नसताना जाते.

चर बुजवण्याआधी टेप पाइपाला लावून प्रत्येक वळणाचा फोटो घ्या, खांबापासूनचं अंतर फोटोत वाचता आलं पाहिजे. ते फोटो फिटरला पाठवा. दोऱ्यांच्या टोकांना कोणती कुठे जाते ते लिहिलेल्या चिठ्ठ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून बांधा. मी आलो की आधी त्याच वाचतो.